धाब्याचा हिशोब

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पोचले तेव्हा धाकटा भाऊ ओट्यासमोर टेप धरून उभा होता. टेपचं दुसरं टोक त्याच्या मुलाच्या हातात. दोघं घराची दर्शनी भिंत मोजत होते. भाऊ सुरतेहून आदल्या रात्रीच्या गाडीने आला होता आणि निघतानाच त्याचं ठरलेलं होतं, की हे धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर उतरवायचं आणि त्याच जागी स्लॅबचं बांधायचं. "ताई, एकदाच काय तो खर्च. दरवर्षीची कटकट मिटेल," तो म्हणाला. माय आत कैऱ्या चिरत बसली होती. तिने सगळं ऐकलं, पण विळी थांबली नाही.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. मी तिथून पस्तीसेक किलोमीटरवर, धुळ्यात, शाळेत शिकवते. गावात माय एकटी असते. तिला आता चौऱ्याहत्तरावं लागलं आहे. लेकीने माहेरच्या घराच्या बांधकामात फार बोलू नये, अशी आमच्याकडची रीत. मी बोलले, कारण त्या घरात उन्हाळा कोण काढतं हे मला ठाऊक आहे.

भावाचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात तीन दिवस झड लागली आणि धाबं तीन ठिकाणी गळलं. मायचे गहू भिजले. तिने रात्रभर पातेली, बादल्या फिरवल्या आणि आम्हाला दोघांनाही तिसऱ्या दिवशी कळवलं. तो सुरतेत, मी परीक्षेच्या पेपरांत. त्या रात्रीचा सल त्याच्या मनात माझ्यापेक्षा खोल आहे. पैसे तो पाठवतो, पण धाब्यावर चढायला तो नसतो. शिवाय त्याची बायको म्हणते ते खरंच आहे: रात्री-अपरात्री अंगण ओलांडून न्हाणीघरात जायचं, विंचवाच्या दिवसांत लहान पोरांना घेऊन जायचं, हे सुखाचं नाही.

आता घराविषयी. आजोबांनी ते १९५० च्या आगेमागे बांधलं. भिंती पांढऱ्या मातीच्या, जवळजवळ दोन फूट जाड. आत सागाचे खांब, खांबांवर सर म्हणजे जाड तुळया, सरांवर कड्या, कड्यांवर काड्यांचा आणि कडुलिंबाच्या पाल्याचा थर, त्यावर वीतभर माती आणि सगळ्यांत वर खारी. खारी म्हणजे गावाबाहेरच्या खारवट जमिनीची माती. तिच्यात सोडियमचे क्षार असतात, त्यामुळे ती भिजली की तिचे बारीक कण सुटे होऊन सगळी छिद्रं बुजवतात आणि पाणी खाली झिरपायचं थांबतं. ज्या गुणामुळे तिच्यात पीक धड येत नाही, त्याच गुणामुळे ती धाब्यावर लागते. माझ्या लहानपणी रोहिणी नक्षत्राच्या सुमाराला गाढवांवर लादून खारी गावात यायची. चार माणसं शिडीने वर चढायची, जुनी भेग बुजवायची, नवा थर पसरायची, चोपण्याने चोपायची. संध्याकाळी त्यांना जेवण. एवढं झालं की पावसाळा निर्धास्त.

या घराला पुढे दोन जोड लागले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९६ साली रस्त्याच्या अंगाला स्लॅबची एक खोली काढली, बारा बाय पंधराची. आणि मागच्या पडवीवर पत्रे टाकून स्वयंपाकघर केलं. स्लॅबच्या खोलीचा आम्हाला तेव्हा फार अभिमान होता. माझी मागणी याच खोलीत ठरली. त्याच उमेदीत आबांनी मधल्या घराच्या मातीच्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला, गुळगुळीत, वर निळा ऑइलपेंट.

आखाजीच्या दुपारी मी तिन्ही जागी जाऊन बसले. स्वयंपाकघरात दहा मिनिटं बसवत नव्हतं. स्लॅबच्या खोलीत पंखा गरम वारा खाली ढकलत होता. मधल्या घरात माय पालथ्या हातावर डोकं ठेवून झोपली होती, अंगावर पातळ लुगडं पांघरून. मी तिला नंतर म्हटलं, "माय, भाऊ म्हणतो तसं नवं बांधलं तर?" ती म्हणाली, "आठे माले गार वाटस. तठे मना जीव घाबरस." तठे म्हणजे पुढच्या खोलीत. ती खोली तीस वर्षं झाली तरी मायच्या बोलण्यात अजून 'तठे'च आहे.

पण 'गार वाटस' एवढ्यावर भाऊ ऐकणार नव्हता, आणि त्याने ऐकावं तरी का? पंधरा-सोळा लाखांचा प्रश्न होता. म्हणून मी अमळनेरच्या बाजारातून तापमान दाखवणारी तीन छोटी घड्याळं आणली, प्रत्येकी अडीचशेला. एक मधल्या घरात, एक स्लॅबखाली, एक स्वयंपाकघरात. शेजारची नववीतली मुलगी रोज तीनदा येऊन वहीत आकडे मांडायची. सकाळी सहा, दुपारी साडेतीन, रात्री दहा. असे पंधरा दिवस. मे महिन्यातले, जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो ते दिवस.

ती वही माझ्याकडे आहे. साडेतीनला स्वयंपाकघर बाहेरच्या बरोबरीने, बहुतेक दिवस त्रेचाळीस-चव्वेचाळीस. स्लॅबची खोली अडतीस. मधलं घर तेहतीस, फार तर चौतीस. हे अपेक्षित होतं. मला थांबवलं ते रात्री दहाच्या रकान्याने. बाहेर वारा सुटून पारा बत्तिसावर आलेला, पत्र्याचं स्वयंपाकघरही निवलेलं, आणि स्लॅबची खोली एकोणचाळीस. दुपारपेक्षा एक अंश जास्त.

कारण साधं आहे. पाच इंचांच्या उघड्या स्लॅबमधून दुपारचं ऊन आत पोचायला काही तास लागतात. दुपारची आग संध्याकाळपासून रात्रीपर्यंत छताच्या आतल्या बाजूने बाहेर पडत राहते, माणूस पाठ टेकतो तेव्हाही. दोन फूट मातीच्या भिंतीतूनही उष्णता चालतच असते, पण तिला आत यायला अर्ध्या दिवसाहून जास्त लागतो, आणि तोवर ती वाटेतच पसरून मंद होते. ती पोचते तेव्हा पहाट झालेली असते, मायने दारं-खिडक्या उघडलेल्या असतात. ती हे वर्षानुवर्षं न चुकता करते. सकाळी आठच्या आत सगळं बंद, दिवेलागणीनंतर सगळं उघडं. वर छतातला झरोका रात्रभर मोकळा, तिथून घरातली तापलेली हवा निघून जाते. तिचं हे उघडणं-मिटणं नसेल तर तीच जाड भिंत चार दिवसांत तापून बसेल आणि मग निवता निवणार नाही.

एकमजली घरात ऊन मुख्यतः छतातून येतं, भिंतींतून नव्हे. भिंतीवर ते तिरपं आणि थोडा वेळ पडतं, छतावर दिवसभर. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली 'इको निवास संहिता' आणली, तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे. आकड्यात ती १.२ आहे, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर चौरस मीटरमागे १.२ वॉट. उघड्या स्लॅबचा आकडा याच्या दुपटीहून जास्त असतो. संहिता मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींसाठी आहे, गावातल्या घराला ती लागू होत नाही. पण भावाने आणलेला नव्या घराचा नकाशा मी याच नजरेने पाहिला. हॉल, दोन बेडरूम, आतून संडास-बाथरूम, जिना, दर्शनी बाजूला काच. छतावर उन्हासाठी काय करायचं, याची एक ओळही अंदाजपत्रकात नव्हती. नऊशे चौरस फूट स्लॅब, म्हणजे मायच्या 'तठे'सारख्या पाच खोल्या.

"मग एसी बसवू की," भाऊ म्हणाला. एक टनाचा एसी रात्री सात-आठ तास चालला तर पाच-सहा युनिट खातो. उन्हाळ्याचे तीन महिने धरले तरी पाचशे युनिट. आणि मी मायची वर्षभराची बिलं काढून बेरीज केली होती: बारा महिने मिळून साडेबाराशे युनिट. हिवाळ्यात महिन्याला सत्तर, मे महिन्यात कूलर धरून एकशे नव्वद.

इथे माझा हिशोब अडला, आणि त्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण जुन्या घरावर खर्च करावा की नाही या विचारात असलेली बरीच माणसं इथेच अडत असतील.

ऊर्जा वाचवण्यासाठी घर सुधारायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो: घातलेले पैसे किती वर्षांत वसूल? खर्च भागिले वर्षाची बचत. मीही तेच मांडलं. घर न पाडता दुरुस्त करण्याचा एकूण अंदाज एक लाख वीस हजारांच्या घरात जात होता. वाचली तर वर्षाला चार-साडेचारशे युनिट वाचणार, म्हणजे फार तर साडेचार हजार रुपये. भागाकार सव्वीस-सत्तावीस वर्षं. भावाने तो आकडा पाहिला आणि म्हणाला, "बघ, तुझंच गणित सांगतंय." त्या रात्री मला झोप लागली नाही. गणित बरोबर होतं आणि तरी त्यात काहीतरी अन्याय होता.

तो पहाटे लक्षात आला. माय इतकी कमी वीज वापरते की तिच्या घरात वाचवायला फारसं काही उरलेलंच नाही. बचतीच्या हिशोबात नेहमी तोच पास होतो ज्याच्याकडे आधी उधळपट्टी आहे. रात्रंदिवस एसी चालणाऱ्या घराने छतावर थर टाकला की वर्षाला हजारो रुपये वाचलेले दिसतात. माय चव्वेचाळीस अंशांत भाकरी थापते आणि घामाने भिजून निघते, पण घामाचं बिल येत नाही, म्हणून तिच्या स्वयंपाकघरावर केलेला खर्च वसूल होत नाही. आणि हे घर पाडून स्लॅबचं बांधलं तर जे पाचशे युनिट नव्याने लागणार, ते या घरात आज लागत नाहीत, याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

मग मी एकच वही तीन भागांत फाडली.

पहिल्या भागात फक्त तेच, जे विजेच्या बिलातून खरंच वसूल होतं. मायच्या डोक्यावरचा पंखा पंचाहत्तर वॉटचा, दिवसाला सोळा तास, वर्षाचे आठ महिने. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, पंखा तीस वॉटच्या आसपास घेतो. म्हणजे वर्षाला एकशे सत्तर युनिट वाचले, पंधराशे रुपये. पंख्याची किंमत तीन हजार, दोन वर्षांत फिटली. पण घरातले बाकीचे दोन पंखे पाहुणे आले तरच फिरतात, ते बदलण्यात अर्थ नाही. चांगले चालताहेत, चालू देत. दुसरं म्हणजे स्लॅबला चुना. पांढरा पृष्ठभाग ऊन बरंचसं परत फेकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये डिंक घालून दोन हात मारले की खोली दोन-तीन अंशांनी उतरते. खर्च हजार-बाराशे. पावसात धुपतो, दर साली मारावा लागतो.

दुसऱ्या भागात डागडुजी. ती ऊर्जेसाठी नव्हेच. सिमेंटच्या गिलाव्याआड मातीच्या भिंतीतली ओल कोंडून पडली होती. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट तिला सोडू देत नाही. मधल्या घरात जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत गिलावा फुगून पोपडे सुटत होते, आणि मागची माती चिमटीने निघत होती. तो गिलावा काढून चुना-मातीचा लावायचा. आणि एक सर. मधल्या घरातला तिसरा सर भिंतीत शिरतो तिथे उधई लागली होती. सुताराने हातोडीच्या दांड्याने टोकापासून टोकापर्यंत वाजवून पाहिला. चार फुटांपर्यंत आवाज पोकळ, पुढे टणक. पूर्ण सर बदलण्याऐवजी कीड गेलेला भाग कापून नवा जोड द्यायचा आणि खाली एक खांब, असं त्याने सुचवलं. भिंत आणि सर यांचा खर्च पन्नास हजारांच्या आसपास. हे पैसे घर उभं ठेवायचे आहेत, ते विजेच्या नावावर टाकून घराला दोष देणं बरोबर नाही. असं सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतर स्लॅबच्या घरालाही लागेल. तोवर तो स्लॅब टिकला तर.

तिसऱ्या भागाला मी नाव दिलं नाही. त्यात स्वयंपाकघर होतं आणि स्लॅबचं पक्कं काम. पत्र्याला वरून पांढरा रंग, पत्र्याखाली एक फूट जागा सोडून बांबूच्या चटईचं छत, आणि मधली तापलेली हवा निघून जायला दोन्ही टोकांना जाळीची तोंडं. स्लॅबवर फोमच्या पाट्या, त्यावर कोबा, त्यावर फुटक्या पांढऱ्या लाद्यांचे तुकडे. फोम वरच्या बाजूनेच हवा. आतून लावला तर स्लॅब तापतच राहतो, आणि भिंतीला आतून लावला तर मातीच्या जाडीचा सगळा फायदा वाया जातो. या भागाची वसुली मी काढलीच नाही. मायच्या दुपारचा भाव कोण लावणार?

कूलरविषयी भावाचं आणि माझं लगेच जमलं. आमच्याकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की कूलर छान काम करतो, आणि एसीच्या पाव वीजही खात नाही. पण तो दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पितो, आणि गावात मे महिन्यात नळ आठ दिवसांनी येतो. मायने टाकीतलं पाणी कूलरला द्यायचं की गुराला, हा प्रश्न तिला दर उन्हाळ्यात पडतो. म्हणून घर जितकं स्वतःहून गार राहील तितकं पाणीही वाचतं. हेही बिलात दिसत नाही.

सोलरवर मात्र आमची दोन दिवस चर्चा झाली. त्याला तीन किलोवॉट बसवायचे होते, कारण पीएम सूर्यघर योजनेत तिथपर्यंत अठ्ठ्याहत्तर हजार अनुदान आहे. आपल्याकडे ऊन तर भरपूर. साक्रीजवळ शिवाजीनगरला सव्वाशे मेगावॉटचा प्रकल्प उगाच नाही उभा राहिला. पण एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, वर्षाला चौदाशे. मायचं सगळं घर साडेबाराशेत चालतं, दुरुस्तीनंतर त्याहून कमी. तीन किलोवॉट कशाला? अनुदान मोठं आहे म्हणून गरजेपेक्षा मोठं घेतलं तर वरचे पैसे आपल्याच खिशातले जातात. एक किलोवॉटला तीस हजार अनुदान, आणि तेवढ्या पाट्या स्लॅबच्या खोलीवर सहज मावतात. धाब्यावर तर त्या लावायच्याच नाहीत. खारीच्या थराला भोक पाडलं की पाणी तिथूनच वाट काढणार. शेवटी ठरलं की आधी गळती थांबवायची, एक उन्हाळा जाऊ द्यायचा, नवी बेरीज पाहायची आणि मग सोलरचं माप ठरवायचं.

मधल्या काळात जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन गेला. भावानेच बोलावलं होतं. त्याने सरांवर नखाने ओरखडा काढून रंग पाहिला, खांबांचा घेर मोजला आणि सगळ्या सागाचे अडीच लाख सांगितले. असं लाकूड आता मिळत नाही, तो म्हणाला. भाऊ बराच वेळ खांबाला टेकून उभा होता. याच खांबावर त्याची उंची कोरलेली आहे, पहिलीपासून सातवीपर्यंत. तो व्यापाऱ्याला म्हणाला, कळवतो. मला त्याने विचारलं, "ताई, जे विकत मिळत नाही ते विकून आपण सिमेंट आणायचं?" सिमेंटचा एक टन बनवताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे मी त्याला सांगणार होते. पण त्याची गरज नव्हती.

तरी त्याने होकार सरसकट दिला नाही, आणि ते मला पटलं. दोन पावसाळे बघू, म्हणाला. तोवर धाबं टिकलं, मायला रात्री बादल्या फिरवाव्या लागल्या नाहीत तर घर राहील. नाहीतर पाडायचं, आणि तेव्हा मी आडवं यायचं नाही. न्हाणीघर आणि संडास मात्र याच वर्षी घराला लागून, पडवीतून दार काढून बांधायचा. त्यावर मायसकट सगळे खूश.

खरी अडचण पैशाची निघाली नाही. खारी आणायची कुणी? गावात आता गाढवं नाहीत. धाब्याची घरं उरली ती मोजकी, त्यामुळे खारी पसरणारी माणसंही. शेवटी भावाच्या वर्गातल्या एकाने ट्रॅक्टरने दोन ट्रॉली टाकून दिल्या. चोपायला एक म्हातारे तात्या मिळाले, वय पंच्याहत्तरच्या पुढे, वर चढणं त्यांना जमेना. ते अंगणात खाटेवर बसून सांगत राहिले आणि भाऊ, त्याचा मुलगा आणि दोन पोरं वर काम करत राहिली. "पनाळीकडे उतार ठेव. हात फिरव, हात. पायाने नको दाबू." भावाच्या मुलाने ते सगळं मोबाइलवर घेतलं. पुढच्या वर्षी तात्या असतील-नसतील, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, त्यांनाही.

बाकीची कामं मी उन्हाळी सुट्टीत पुरी करून घेतली. चुना-मातीचा गिलावा करणारा मिस्तरी शोधायलाच आठ दिवस गेले. चटईचं छत झाल्यावर स्वयंपाकघराचा दुपारचा आकडा सदतीसवर आला. सदतीस म्हणजे गार नव्हे. पण माय आता भाकरी झाल्यावर लगेच उठून बाहेर जात नाही, ओट्याशी बसून निवांत भांडी पुसते, हे मी पाहिलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. धुळ्यातही विजा चमकत होत्या. रात्री साडेअकराला मी फोन लावला, त्याआधी भावाचा तिला येऊन गेला होता.

"माय, गळस का?"

"गळस. पन एकच जागे," ती म्हणाली. "पातेलं ठी दिधं."

कुठे, विचारलं तर म्हणाली, तिसऱ्या सराजवळ, नव्या जोडाच्या वर. भावाने सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. अंगणात ट्रॉलीभर खारी अजून ताडपत्रीखाली होती.